दिवे घाट, एकादशी आणि संततधार : पुणे–सासवड टप्प्यावरचा पावसाचा दिवस

नीरथडी (धागाकर्ता) :

संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात पुणे ते सासवड हा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत दमवणारा मानला जातो. भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून पहाटे निघालेला सोहळा सुमारे ३० ते ३२ किलोमीटर चालून, वाटेत दिवे घाट चढून, संध्याकाळ उलटता उलटता सासवडच्या तळावर पोचतो. तिथींची ओढाताण नसेल तर हा दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा, म्हणजे योगिनी एकादशीचा असतो. त्यामुळे सगळ्या वाटेतली सर्वांत मोठी चाल बहुतेक वारकरी उपवास करूनच चालतात. अंतर, घाट आणि उपवास या तिन्हींविषयी वारीला जाणारे लोक एकमेकांना आधीपासून सांगत असतात. सकाळपासून पाऊस लागून राहिला तर त्या दिवसाचे रूप कसे बदलते, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही आणि म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे की, पावसाच्या दिवशी चालण्यापेक्षा ओल्या अंगाने थांबणे माणसाला अधिक थकवते. चालत असताना अंगात ऊब असते, भजनाची लय असते आणि पावले आपोआप पडत राहतात. थांबल्यावर तोच ओला सदरा अंगाला चिकटून गार पडतो आणि या टप्प्यावर तर जागोजागी थांबावे लागते. स्वतःपुरता रेनकोट घेऊन ही अडचण सुटत नाही. या एका दिवसाची तयारी दिंडीने मिळून करावी, असे मला मनापासून वाटते.

आम्ही चाललो त्या वर्षी आर्द्रा नक्षत्र नुकतेच लागले होते. पुण्यातून निघताना पावसाची भुरभुर होती. शहर संपेपर्यंत तिचे कोणालाच काही वाटले नाही, कारण पूलगेटपासून शिंदे छत्रीपर्यंत आणि तिथून पुढे हडपसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे असतात; कोणी राजगिऱ्याचे लाडू हातावर ठेवतो, कोणी केळी देतो, कोणी चहाचा पेला पुढे करतो आणि पाऊस वाढलाच तर दुकानांच्या पडव्यांत किंवा उड्डाणपुलाखाली क्षणभर उभे राहता येते. हडपसरला संत तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची पालखी सासवड रस्त्याला लागते. त्यानंतर फुरसुंगी, उरुळी देवाची आणि वडकी या पट्ट्यात पाऊस फार वाढत नाही, पण आडोसा संपतो. एका बाजूला गोदामांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला उघडी रानं आणि दोहोंच्या मध्ये चिखल झालेली रस्त्याची कड, अशी ती वाट आहे.

वडकी नाल्याला दुपारचा विसावा असतो. साबुदाण्याची खिचडी आणि भगर आली, पण बसायला कोरडी जागा नव्हती, म्हणून बहुतेकांनी डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन उकिडवे बसून फराळ केला. हा कागद वरचे पाणी अडवतो हे खरे, पण आत घाम साचतो आणि तासाभरात बाहेरून भिजलेला माणूस आणि कागदात गुंडाळलेला माणूस दोघेही सारखेच ओले होतात. त्या विसाव्यात जेवढी विश्रांती मिळायला हवी तेवढी कोणालाच मिळाली नाही.

घाट मात्र आम्ही धरला होता त्याहून सोपा गेला. चारेक किलोमीटरची ती चढण अंग तापवते. माउलींच्या रथाला घाटापुरत्या जादा बैलजोड्या जोडतात. त्या बैलांचे श्वास, चाकांना लागणारे हात आणि वर-खाली दोन्हीकडे वळणावळणांवरून ऐकू येणारे टाळ यांत माणूस आपले दुखणे विसरतो. खाली मस्तानी तलाव धुक्यात जेमतेम दिसत होता. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत आमच्या दिंडीतल्या कोणीही थकल्याची तक्रार केली नाही.

खरा त्रास झेंडेवाडीच्या विसाव्याला सुरू झाला. माथ्यावर पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो. चढणीने तापलेली, घामाने आणि पावसाने चिंब भिजलेली माणसे तिथे थांबली आणि पाच-दहा मिनिटांत एकेकाला हुडहुडी भरू लागली. आमच्या रांगेत साठीच्या पुढचे एक शेतकरी काका होते. त्यांच्या टाळाची दोरी सुटली होती आणि ती त्यांना बांधता येईना. बोटे वळत नव्हती, विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही उशिरा येत होते. आम्हाला वाटले, वयामुळे आणि उपवासामुळे थकवा आला असेल. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी काही न बोलता आपले गाठोडे सोडले. त्यांनी घोंगडी खताच्या रिकाम्या पिशवीत तोंड बांधून कोरडी ठेवली होती. काकांचा सदरा काढून, अंग पुसून, ती घोंगडी त्यांच्या उघड्या अंगाभोवती गुंडाळली आणि गूळ-शेंगदाणे खायला दिले. पंधरा-वीस मिनिटांत काका पूर्ववत बोलू लागले. शंभरावर माणसांच्या आमच्या दिंडीत त्या क्षणी हाताशी असलेले कोरडे पांघरूण ते एवढेच होते, कारण बाकी सगळ्यांच्या वळकट्या ट्रकमध्ये होत्या आणि ट्रक पुढे गेला होता.

तिथून सासवड आठ-दहा किलोमीटर राहते आणि तेवढे अंतर दिवसातल्या कोणत्याही टप्प्यापेक्षा मोठे वाटले. अंधार पडत आला होता, पुढची रांग थांबली की सगळे थांबत आणि प्रत्येक थांब्याला थंडी पुन्हा वर चढे. तळावर पोचलो तेव्हा राहुट्या उभ्या होत्या, पण जमिनीवर पाणी होते आणि ट्रकमध्ये अंथरुणे भांड्यांच्या खाली होती. ती निघून सर्वांना मिळेपर्यंत आणखी बराच वेळ गेला.

आपापल्या दिंड्यांमध्ये या दिवसासाठी काय व्यवस्था असते, ती कोण पाहतो आणि त्यात काय बदलायला हवे, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

ग्रामीण डॉक्टर :

रामकृष्ण हरी. आपण वर्णन केलेली काकांची अवस्था ही शरीराचे तापमान उतरू लागल्याची लक्षणे आहेत. आपल्याकडे थंडी बाधण्याचा संबंध लोक हिमालयाशी जोडतात, पण ओले सुती कपडे, जोराचा वारा, रिकामे पोट आणि दिवसभराचे श्रम एकत्र आले की बऱ्यापैकी उबदार हवेतही असे होऊ शकते. बोटे न वळणे, बोलणे मंदावणे, विनाकारण चिडणे किंवा एकदम गप्प होणे ही चिन्हे शेजाऱ्याने ओळखायची असतात, कारण ज्याला ती होतात त्याला स्वतःला कळत नाहीत. त्या मावशींनी केले ते अगदी योग्य होते. ओला कपडा आधी काढायचा, अंग पुसायचे, मग पांघरूण द्यायचे आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर गोड खायला द्यायचे. ओल्या सदऱ्यावरूनच घोंगडी घातली असती तर उपयोग पुष्कळ कमी झाला असता.

मधुमेहाविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण वैद्यकीय मदतीच्या तंबूत बसल्यावर ही गोष्ट मनाला फार लागते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नेहमीच्या प्रमाणात घ्यायची, वर एकादशीचा उपवास करायचा आणि दिवसभर घाट चढायचा, हे तिन्ही एकाच दिवशी केले तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. थरथर, घाम आणि गोंधळ ही तिचीही लक्षणे असल्याने पावसात ती थंडीची समजून दुर्लक्षिली जातात. अशा वारकऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून त्या दिवसाचे औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे आणि खिशात साखर किंवा खजूर ठेवावेत. पाऊस असला की तहान लागत नाही, पण घाम जातच असतो, म्हणून लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी ठरावीक वेळाने प्यावे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मिठाविषयी आधी विचारून घ्यावे.

पायांच्या बाबतीत, ओली कातडी मऊ पडते आणि घासली की लगेच फोड येतो. विसाव्याला मोजे किंवा वहाणा काढून पाय पुसावेत आणि थोडा वेळ उघडे ठेवावेत. फोड आला तर तो फोडू नये, विशेषतः मधुमेह्यांनी. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊ लागल्या असतील तर रात्री बेचके कोरडे करून औषधी पूड लावल्याशिवाय झोपू नये, कारण पुढे अजून पंढरपूर गाठायचे असते.

पखवाजी :

डॉक्टरांनी माणसांचे लिहिले, मी वाद्यांचे लिहितो, कारण पावसाच्या दिवशी दिंडीची चाल टिकते ती त्यांच्यावर. पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचा पडदा, चामड्याची असते. हवेत ओल आली की ती सैल पडते आणि सूर खाली उतरतो. गट्टे (वाद्यांखाली बसवलेले लाकडी ठोकळे) ठोकून कितीही चढवला तरी अर्ध्या तासात पुन्हा तेच होते. धुमेवर (डाव्या तोंडावर) लावलेली कणीक पाण्याने पाझरू लागते. उजव्या तोंडावरच्या शाईवर (काळ्या लेपावर) थेट पाणी पडले तर ती सुटते आणि तसे झाल्यास वाटेत दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. आमच्याकडे मी दोन पखवाज ठेवतो. एक प्लास्टिकमध्ये बांधून कोरडा ठेवायचा आणि दुसरा वाजवायचा. वाजवतानाही वरून खोळ घालतो आणि हात तेवढे मोकळे ठेवतो. आवाज दबतो, पण ठेका ऐकू जातो आणि चालणाऱ्याला तेवढे पुरते.

याचा थकव्याशी संबंध असा की, ठेका मंदावला की रांगा तुटतात. रांगा तुटल्या की मागचे थांबतात, पुढे मोकळी जागा पडली की धावतात आणि या थांबण्या-धावण्यात माणूस दमतो. नीरथडी, आपल्या शेवटच्या टप्प्यात जे झाले त्यातला बराच भाग याच कारणाने झाला असावा. आमचे विणेकरी, म्हणजे दिंडीत वीणा घेऊन चालणारे बुवा झेंडेवाडीहून निघताना मुद्दाम संथ, पण न तुटणारी चाल धरतात आणि ती सासवडपर्यंत सोडत नाहीत. टाळकऱ्यांनीही टाळांच्या दोऱ्यांकडे लक्ष द्यावे. ओली सुती दोरी बोट कापते, त्यामुळे बोटाला चिंधी गुंडाळलेली बरी.

गोदातीर :

परभणीकडून येणाऱ्या एका दिंडीच्या व्यवस्थेचे काम माझ्याकडे आहे. आपण ट्रकविषयी लिहिले ते वाचून आमच्या मंडळींना हा धागा वाचायला पाठवला.

आम्ही ट्रक भरण्याचा क्रम या एका दिवसापुरता बदलतो. इतर दिवशी भांडी सगळ्यांत शेवटी भरतात, कारण मुक्कामी पोचल्यावर स्वयंपाक आधी लागतो. पुण्याहून निघताना मात्र ताडपत्र्या, राहुट्या आणि वळकट्या शेवटी भरतो, म्हणजे त्या आधी निघतात. एकादशीमुळे रात्रीही फराळच असल्याने स्वयंपाकाची घाई नसते, म्हणून हे जमते. प्रत्येक वळकटी प्लास्टिकच्या पिशवीत असलीच पाहिजे, हा नियम भिशी (दिंडीच्या खर्चाची वर्गणी) घेतानाच सांगतो आणि ज्याच्याकडे पिशवी नसेल त्याला दिंडीतून देतो.

सासवडला जागा धरणाऱ्यांनी पावसाची चिन्हे असली तर आधी उतार पाहावा. तळावर सगळ्यांनाच रस्त्याजवळची जागा हवी असते, पण रस्त्याचे पाणी तिथेच उतरते. थोडे लांब असले तरी उंचवट्यावर राहुटी ठोकावी, तिच्याभोवती वीतभर खोल चर काढून पाण्याला वाट करून द्यावी आणि आत आधी कडबा किंवा पाचट, त्यावर ताडपत्री, त्यावर अंथरूण असे करावे. ताडपत्रीची कड राहुटीच्या आतच दुमडून ठेवावी, नाहीतर बाहेरचे पाणी तिच्यावरून आत येते. एवढे करायला चार माणसांना दीड तास लागतो आणि ती चार माणसे पालखीसोबत न चालता ट्रकबरोबर पुढे जातात. त्यांची त्या दिवसाची चाल चुकते. आमच्याकडे हे काम दरवर्षी वेगवेगळ्या तरुणांकडे जाते आणि त्यांना विणेकरी बुवा सर्वांसमोर नमस्कार करतात, ही आमच्या दिंडीची जुनी रीत आहे.

आपल्या धाग्यामुळे एक गोष्ट ठरवली. यापुढे झेंडेवाडीच्या विसाव्यासाठी दहा-बारा कोरड्या घोंगड्या आणि गूळ-शेंगदाण्याची पिशवी दिंडीबरोबर चालणाऱ्या दोन जणांच्या पाठीवर राहील. ट्रकमधले पांघरूण माथ्यावर उपयोगी पडत नाही, हे आपले म्हणणे पूर्ण पटले.

तुळसमाळ :

मी डोक्यावर तुळस घेऊन चालते. इथपर्यंत सर्वांनी फार उपयोगी लिहिले आहे, पण बायकांची अडचण अजून कोणी मांडली नाही, ती मांडते.

भिजलेले नऊवारी लुगडे किती जड होते आणि पोटऱ्यांना किती घासते, हे नेसणारीलाच माहीत. पुरुष उघड्यावर सदरा बदलू शकतात, आम्हाला आडोसा लागतो. झेंडेवाडीला काकांच्या जागी एखादी बाई असती तर तिचा ओला कपडा तिथे उतरवता आला असता का, याचा विचार करावा. आमच्या दिंडीत आम्ही चौघी-पाचजणी मिळून एक मोठी चादर जवळ ठेवतो आणि ती धरून आडोसा करतो, पण वाऱ्यात ती टिकत नाही. दोन काठ्या आणि एक जाड कापड एवढी सोय प्रत्येक दिंडीने या दिवशी पायी चालणाऱ्यांबरोबर द्यावी.

शौचालयांचेही तेच. अलीकडे फिरत्या शौचालयांची सोय पुष्कळ वाढली आहे आणि त्याबद्दल मनापासून समाधान वाटते, पण पावसात ती ठेवलेली जागा चिखलाने भरते आणि अंधारात तिथपर्यंत जाण्याची भीती वाटते. त्यामुळे कित्येक जणी दुपारनंतर पाणी पिणेच सोडतात. डॉक्टरसाहेबांनी ठरावीक वेळाने पाणी प्यावे असे लिहिले आहे. ते बायकांकडून पाळले जावे असे वाटत असेल, तर शौचालयाच्या वाटेवर खडी आणि दिवा असला पाहिजे. थकव्याचे एक कारण हेसुद्धा आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

जुनी वाट :

सर्वांविषयी आदर ठेवून वेगळे मत मांडतो. आमचे आजोबा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन वारी करत आणि झाडाखाली ओल्या जमिनीवर झोपत. वारी हे तप आहे. पाऊस, चिखल, उपवास हे त्यातच आले. प्रत्येक अडचणीवर सोय शोधत गेलो तर उद्या वारीची सहल होईल, अशी मला खरोखर काळजी वाटते. थंडी वाजली तर नाम घ्यावे आणि चालत राहावे, एवढेच आमच्याकडे शिकवले जाते.

नीरथडी (धागाकर्ता) :

जुनी वाट, आपली काळजी मला परकी वाटत नाही. माझ्याही घरी असेच बोलले जाई. तरी माझे मत वेगळे आहे आणि त्याचे कारण सोहळ्याच्या इतिहासातच आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले, ते व्यवस्था लावूनच दिले. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, कोणत्या वेळी कोणते भजन, विसावा कुठे आणि मुक्काम कुठे, हे सगळे ठरलेले आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू आले. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी सोहळ्याची शिस्त पाहणाऱ्या चोपदारांनी हातातला चोप (दंड) उंचावला की हजारो टाळ एका क्षणात शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात आणि तिचे म्हणणे तिथे ऐकून घेतले जाते. हरवले-सापडलेले तिथेच पुकारले जाते. एखाद्याची अडचण सगळ्यांसमोर मांडण्याची जागा ज्या परंपरेने नित्यक्रमातच ठेवली, तिला थंडीने काकडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी कोरडी घोंगडी बाळगणे परके कसे असेल?

स्वतःच्या अंगावर कष्ट घेणे हे तप आहे, हे मला मान्य आहे. शेजारच्या रांगेतल्या माणसाचे कष्ट तप म्हणून सोडून देणे मला मान्य होत नाही. आपल्या आजोबांच्या काळी वाटेत झाडे होती, हेही विसरू नये. पालखी मार्गाचे रुंदीकरण झाले, त्यात अनेक ठिकाणचे जुने वड गेले. रस्ता रुंद झाल्याने चालणे सोपे झाले हे खरे, पण झाडाखालचा आडोसा आता बऱ्याच ठिकाणी मिळत नाही आणि नवी झाडे मोठी व्हायला काही दशके जातील. तोपर्यंत आडोसा आपल्यालाच बरोबर न्यावा लागेल.

तुळसमाळ ताई, आपण लिहिलेली गोष्ट मूळ लेखातच यायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. काठ्या आणि कापडाची सूचना मी आमच्या दिंडीप्रमुखांपुढे मांडणार आहे.

जुनी वाट :

आपण शेवटी लिहिलेला भेद पटला. स्वतःचे तप आणि दुसऱ्याचे कष्ट यांची गल्लत होऊ नये, हे योग्य आहे. माझी विनंती एवढीच की, जी सोय करायची ती दिंडीने स्वतःच्या हातांनी करावी, विकत घेऊ नये.

कऱ्हाकाठ :

मी सासवडचा. आमच्या गावाच्या बाजूने थोडे लिहितो. पालखी येते त्या रात्री सासवडमधली घरे, शाळा, मंगल कार्यालये, देवळांचे मंडप सगळे उघडे असते. संत सोपानदेवांची समाधी इथेच कऱ्हेकाठी आहे आणि द्वादशीला सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरपूरला निघते, त्यामुळे गावात त्या दोन दिवसांत दुहेरी लगबग असते. पावसाच्या वर्षी आमच्या आळीत लोक दारात चुली मांडून हंडेच्या हंडे पाणी तापवतात. आंघोळीपेक्षा पाय शेकायला ते अधिक लागते. पुण्याहून आलेला वारकरी कढत पाण्यात पाय सोडून बसला की आधी पाच मिनिटे काहीच बोलत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

हवामानाबद्दल एक निरीक्षण. दिवे घाट चढून आल्यावर आपण पुण्यापेक्षा सुमारे दोनशे मीटर उंचीवर येतो, पण पाऊस पुण्यापेक्षा कमी होत जातो. पुरंदरचा हा पूर्वेचा भाग कोरडा, जेजुरीकडे तर आणखी कोरडा. म्हणून बाहेरगावचे लोक समजतात की घाट चढला की सुटलो. प्रत्यक्षात इथे सरी मोठ्या नसतात, पण बारीक पाऊस आणि वारा तासन्‌तास चालतो आणि ओले अंग त्यानेच गारठते. गोदातीर यांनी घोंगड्यांसाठी झेंडेवाडीची जागा निवडली ती अगदी बरोबर आहे.

दिलासा असा की, सोहळ्याचा सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो. द्वादशीला उपवास सुटतो, बहुतेक घरांत पुरणाचा स्वयंपाक असतो आणि दिवसभरात ऊन पडले तर कपडे, वळकट्या, ताडपत्र्या सगळे वाळवता येते. आमच्या गच्च्या त्यासाठी मोकळ्या असतात. कोणीही संकोच न करता विचारावे. ज्यांचे पाय पुण्यातच बिघडले असतील त्यांनी हा दिवस गाव पाहण्यात न घालवता पायांना द्यावा, कारण त्रयोदशीला पुन्हा जेजुरीची सुमारे १७ किलोमीटरची वाट असते.

पहिली वारी :

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, रोज तास-दीड तास चालतात आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांची आयुष्यभराची इच्छा आहे की, निदान एक दिवस तरी माउलींबरोबर चालावे. आम्ही पुण्यात राहत असल्याने पुणे–सासवड हाच टप्पा सोयीचा वाटला होता. हे सगळे वाचून आता मन कचरते आहे. काय करावे?

ग्रामीण डॉक्टर :

रोज तास-दीड तास चालणाऱ्या माणसाने एकदम दहा-बारा तास चालणे हा फार मोठा फरक आहे आणि उपवास व पाऊस त्यात आणखी भर घालतात. त्यांना एकच दिवस चालायचे असेल तर दुसरा टप्पा निवडावा, असे माझे मत आहे. जेजुरी ते वाल्हे हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे, घाट नाही आणि पाऊसही सहसा कमी असतो. रक्तदाबाच्या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात. काहींनी लघवीवाटे पाणी अधिक जाते, म्हणून त्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

तुळसमाळ :

डॉक्टरसाहेबांचे ऐकावे. वडिलांना दिवे घाटच चालायचा असेल आणि मन फार ओढत असेल, तर वडकीपर्यंत गाडीने येऊन तिथून पालखीबरोबर निघावे. घाट चढून झेंडेवाडीला थांबावे आणि तिथून त्यांना घरी नेण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी. त्या दिवशी पालखी घाटात असताना रस्ता इतर वाहनांना बंद असतो, त्यामुळे गाडी आयत्या वेळी बोलावता येत नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत असू द्यावा, तुमच्या पिशवीत नको, कारण गर्दीत माणसे सुटतात.

पहिली वारी :

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांशी बोललो. त्यांनी जेजुरी–वाल्हे निवडले आहे, कारण खंडोबाचे दर्शनही होईल असे ते म्हणाले. आदल्या रात्री जेजुरीला मुक्काम करायचा आहे. तिथे एखाद्या दिंडीबरोबर फक्त एक दिवस चालण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागते?

गोदातीर :

ज्या दिंडीबरोबर चालायचे तिच्या विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना आदल्या संध्याकाळी भेटावे, नमस्कार करावा आणि विचारावे. नाही असे सहसा कोणी म्हणत नाही. एका दिवसासाठी भिशी द्यावी लागत नाही. द्यायचीच इच्छा असेल तर शिधा द्यावा. रांगेत कुठे चालायचे ते चोपदार किंवा व्यवस्थापक सांगतील, ती जागा दिवसभर सोडू नये. आमच्या दिंडीत येणार असाल तर आमचा क्रमांक मी आपल्याला निरोपातून कळवतो. वडिलांसाठी घोंगडी आमच्याकडे असेल.